सुरगाठ

या गावाचं नाव सूर.
गाण्यातला नाही, मारायचा, हुसेन परकार म्हणतो,
आणि धक्क्याकडे बोट दाखवतो:
पोरं दुपारभर खाडीत उड्या घेत असतात.

मी रात्रपाळीचा. अमोनियाच्या मनोऱ्याखाली
हे चौथं वर्ष.
साडेचारशे अंश उष्णता, हवेच्या दीडशेपट दाब,
मधे लोखंडाचे काळे खडे,
एवढं केल्यावर नत्र आपली तिहेरी निरगाठ
थोडी सैल करतो.
थोडीच. उरलेला वायू फिरवून परत आणायचा,
पुन्हा, पुन्हा,
रुसलेल्या जावयासारखा.

हुसेन दाभोळचा. संशोधनाच्या बोटीवर विंच सांभाळतो.
रास अल हद्दच्या बाहेर, आखाताच्या तोंडाशी,
दोन हजार मीटर तार सोडून बाटल्या खाली पाठवतो
आणि तारेला हात लावून बसतो.
तिथे उजेड कधी पोचलाच नाही, म्हणतो.
अमावस्या हीसुद्धा वरचीच गोष्ट.

डॉक्टर शम्सा त्या पाण्यात जड नत्र सोडतात,
बाटल्यांना काळं कापड, मग थंड कपाट,
आणि दोन दिवसांनी एक आकडा,
इतका बारीक की यंत्र
'नाही' म्हणता म्हणता 'असेल' म्हणतं.
कुणीतरी खाली, सूर्याशिवाय,
वरून झरणाऱ्या मेलेल्यांच्या भुग्यावर जगत
तीच गाठ सोडवतंय.
भट्टी नाही. भोंगा नाही. पाळी बदलायला कुणी येत नाही.
महाग पडतं त्यांना, बाई म्हणाल्या,
एका गाठीला सोळा.
सोळा काय, ते हुसेनला नीट कळलं नाही.
मला सांगताना म्हणाला, सोळा आणे.
म्हणजे सगळेच की.

आईने एकदा वालाचं रोप उपटून दाखवलं होतं,
भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाढलेलं,
आमच्या थळच्या शेतात.
मुळांवर गाठी. एक तिने नखाने फोडली,
आत गुलाबी, हिरडीसारखी.
जमिनीला ह्याच जेवायला घालतात, म्हणाली,
आणि हात पदराला पुसला.
पुढे ते शेत कारखान्यात गेलं,
खताच्याच,
त्याच्या बदल्यात मला आयटीआय, मग नोकरी, मग हे.
तक्रार नाही. पगार वेळेवर होतो.

उरलेलं पाणी हुसेनने मिरिंडाच्या बाटलीत आणून दिलं.
ठेव, म्हणाला, तुझ्याच धंद्यातले आहेत.
खोलीवरच्या फ्रिजमध्ये, कुंजुमोनच्या मासळीशेजारी,
ती आठ दिवस होती.
दार उघडलं की आतला दिवा लागायचा.
हे माझ्या ध्यानात आलं तिसऱ्या दिवशी.
मग जुन्या बॉयलरसूटचा पाय कापून
बाटलीला घातला, वर नाडी बांधली.
आत काय आहे, कुंजुमोनने विचारलं.
पाणी, मी म्हणालो. खोटं नव्हतं.

एका पहाटे पाळी सुटल्यावर सरळ खाडीवर गेलो.
मागे कारखान्याची ज्वाळा, समोर दीपगृह,
दोन्हींचा उजेड लागणार नाही अशी जागा
बराच वेळ सापडेना.
शेवटी एका उलट्या होडीच्या सावलीत बसून
टोपण फिरवलं.
वास नाही. रंग नाही.
आत कुणी जिवंत होतं की नाही, कोण जाणे.
अंगावरचा तेवढा दाब एकदम उतरला
तर माझंही काय होईल, माहीत नाही.
ओतलं. आवाज झाला, मग झाला नाही.

खोलीवर येऊन बॉयलरसूटचा तो पाय
धुवायला काढला.
ओल्या नाडीची गाठ सहसा सुटत नाही,
दातांनी धरावी लागते.
ही, एक टोक ओढल्याबरोबर,
सुटली.